स्टुलाची खोली

"बाबा, केटली कुठे गेली?"

"कुठे जाणार? आहे की," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

केटली होती, पण एका जागी नव्हती. झाकण ओट्यावर, दांडा खुर्चीवर, बूड वर्तमानपत्रावर पालथं आणि स्क्रू एका बशीत. ऑफिसची बॅग खांद्याला लावून लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तेवढ्यात तिला सिंकमधली टपटप ऐकू आली आणि नळाची चावीही जागेवर नाही हे दिसलं.

"नळसुद्धा?"

"वायसर गेलाय त्याचा. आणतो आज बाजारातून. आणि केटलीचं बटण वेळेवर पडत नव्हतं. पाणी आपलं उगाच खदखदत राहायचं."

"मला खदखदलेलंच आवडतं."

यावर मिस्त्री गप्प बसले. गप्प बसले म्हणजे बोलले नाहीत एवढंच, कारण बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. जन्म गेला तो एका कागदाच्या कारखान्यात, बॉयलरवर. बॉयलर म्हणजे तापट सासऱ्यासारखा, त्याच्याकडे पाठ करून चालत नाही. काट्यावर नजर, झडपेवर हात, आणि कोपऱ्यात खुर्ची असली तरी ती पाहुण्यांसाठी. निवृत्त झाल्यावर ही सगळी ऊर्जा घरातल्या वस्तूंवर घसरली. बायको होती तोवर ती आरडाओरडा करून निम्म्या वस्तू वाचवायची. ती गेली आणि लेकीने "चार दिवस या माझ्याकडे" म्हणून त्यांना आणलं. ते चार दिवस काही संपेनात, आणि तिच्या घरात आता धड चालणारी वस्तू शोधावी लागत होती. दिव्याची बटणं झाली, बाथरूमची कडी झाली, शेजाऱ्यांची सायकलही होऊन गेली. आपण उपयोगी पडायला जातो आणि होतो पसारा, हे मिस्त्रींना कळत नव्हतं असं नाही. पण हातांना कोण समजावणार?

लेक काहीतरी बोलणार होती, एवढ्यात तिचा फोन वाजला. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"आजच येत नाही म्हणतोय? अगं, आज शेवटची चाचणी आहे… नाही, दुसरं कोण मिळणार आता?" असं म्हणता म्हणता तिची नजर फिरून मिस्त्रींवर आली. त्यांच्या हातात पाना होता आणि शर्टावर केटलीचं पाणी. "थांब. एक माणूस आहे. कोरा करकरीत."

फोन ठेवून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कधी व्हिडिओ गेम खेळलायत?"

"मी? मी पत्तेसुद्धा नाही खेळलो कधी."

"मग शर्ट बदला. चला."

लेक कोडी बनवायची. वर्तमानपत्रातली नव्हेत, चालती-बोलती, पडद्यावरची. तिच्या कंपनीचा नवा गेम म्हणजे लोखंडाचं एक अवाढव्य यान होतं, जमिनीला भोक पाडत पृथ्वीच्या पोटात निघालेलं. जुन्या विज्ञान-कादंबऱ्यांत असायचं तसंच सगळं. पितळी चाकं, जाड काचांच्या गोल खिडक्या, वेडा कप्तान. एका खोलीत काळ उलटा चालायचा, एकीत चंद्रावर मारायची तोफ होती, एकीत टाकीतल्या समुद्री प्राण्याशी बोलावं लागायचं. प्रत्येक खोलीत एक कोडं, ते सुटलं की पुढचं दार उघडणार. कोडं जमलंय की नाही हे बघायला बाहेरची माणसं बोलवायची, आणि एक माणूस एकदाच. एकदा उत्तर कळलं की तो माणूस जळलेल्या काडीसारखा, पुन्हा पेटत नाही.

जाताना रस्त्यात मिस्त्री तिच्या दोन पावलं पुढे. तेही तिला नेहमीचंच. लहानपणी ती मागून "अरे बाबा, थांब ना!" म्हणून ओरडायची. पुढे कॉलेजात गेली आणि अरे-तुरेचं अहो-जाहो कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. हल्ली ती ओरडत नव्हती, पावलं भरभर टाकून गाठायची.

ऑफिस एका टायरच्या दुकानावर होतं. जिन्यात रबराचा वास, आणि वर काचेच्या भिंती, गालिचा आणि कुजबुजत बोलणारी तरणी मंडळी. तिथल्या साहेबाला सगळे तोंडावरसुद्धा 'दाढी' म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. लेक आत तयारी करायला गेली तेव्हा दाढीने मिस्त्रींना पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. मिस्त्री उभ्यानेच पाणी प्यायले.

"काका, आज सगळं तुमच्यावर आहे बघा," दाढी हसत म्हणाला.

"माझ्यावर काय?"

"तिने सांगितलं नाही वाटतं? स्टुलाची खोली. वर्षभर धरून बसलीये त्या खोलीला. खोली छानच आहे, प्रश्न नाही. पण आजपर्यंत एकालाही दार उघडता आलं नाही. माणसं वैतागतात, सोडून जातात. मी म्हटलं, आता शेवटचा माणूस. त्याला उघडलं तर राहू दे, नाहीतर काढून टाकू. तिथे साधी झडपांची खोली घालू, दोन दिवसांत होते ती."

"काढून टाकायची म्हणजे?"

"म्हणजे नाही ठेवायची. गेम बाहेर जायची तारीख ठरलीये काका, काय करणार?"

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. झडपांची खोली हे शब्द त्यांना जरा बरे वाटले होते, पण बाकीचं नाही. सकाळची केटली आठवली. निदान आज तरी आपल्या हातून लेकीचं काही मोडायला नको, असं त्यांना फार वाटलं.

चाचणीच्या खोलीत एक पडदा, एक खुर्ची, मागे आणखी दोन खुर्च्या. चाचण्या घेणारी बाई गळ्यात घड्याळ अडकवून उभी होती. तिला तिथे घड्याळबाई म्हणत आणि ते नाव तिला शोभतही होतं.

"नियम दोनच आहेत काका," ती म्हणाली. "एक तुमच्यासाठी. मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलायचं. सगळं म्हणजे सगळं. आम्हाला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं पाहिजे."

"माझ्या डोक्यात काही चालत नसतं."

"चालेल. आणि दुसरा नियम हिच्यासाठी." तिने लेकीकडे बोट केलं. "ज्याने खोली बनवली त्याने मागे बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. हूं नाही की चूं नाही. ती बोलली की चाचणी बाद. मग तुम्ही दार उघडलंत तरी ते धरायचं नाही."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. लेक हाताची घडी घालून मागच्या खुर्चीत बसली होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. घरी बोलणारी ती आणि गप्प राहणारे ते, इथे सगळा उलटा कारभार होता.

हातात धरायचं यंत्र छोटं होतं. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याखालचं हिरवं बटण दाबलं की समोरच्या वस्तूला हात लागायचा. समोर स्टूल असलं तर त्याच बटणाने बसायचं, त्याच बटणाने उठायचं. सवयीसाठी दिलेल्या एका छोट्या खोलीत मिस्त्री थोडा वेळ भिंतींवर आदळले, मग जमलं. घड्याळबाईने घड्याळ सुरू केलं आणि पडद्यावर स्टुलाची खोली आली.

"हं. खोली आहे," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "लहान आहे. लोखंडी. समोर गोल दार आहे, बंद. भिंतीवर नळ्या आहेत. त्याला झडपा… हे कुणी बसवलंय? ही झडप उलटी आहे."

मागे घड्याळबाईच्या पेनाचा आवाज झाला.

"कोपऱ्यात खाट आहे. पोर झोपलंय, नाही, जागं आहे. पांघरूण हललं. खाटेशी स्टूल आहे. दिवा आहे, बारीक. स्टुलावर पुस्तक ठेवलंय. असू दे. आधी झडपा बघतो."

पुढचा बराच वेळ मिस्त्रींनी झडपा बघितल्या. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, एक सोडून एक. नळ्या खडखडायच्या, वाफ फुसफुसायची आणि दार तिथल्या तिथे. "दाब चढत नाहीये. कुठूनतरी गळतंय," असं म्हणून त्यांनी गळती शोधली. गळती नव्हती. मग ते दिव्यामागे लागले, मग दाराच्या कडांना हात लावून झाला, मग पुन्हा झडपा. आयुष्यभराचं ज्ञान पणाला लावलं आणि त्याचा उपयोग शून्य झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त कळसा कुठल्या काखेत ते त्यांना कळत नव्हतं.

खाटेजवळून गेलं की पोर एकच शब्द बोलायचं, "मग?"

"मग काय मग?" मिस्त्री चिडून म्हणाले. "मला कामं आहेत. दार उघडायचंय."

मागची खुर्ची करकरली. ही शेवटची चाचणी, आणि आपण हिची वर्षभराची मेहनत बुडवतोय. वळून विचारावंसं वाटत होतं, 'अगं, काय करू?' पण ते बोलले फक्त "काही सुचत नाहीये."

"मग?" पोर पुन्हा म्हणालं.

"बसतो बाई, बसतो. गुडघे दुखायला लागले," मिस्त्री म्हणाले. गुडघे खुर्चीतल्या माणसाचे दुखत होते आणि बसला पडद्यावरचा, पण त्यांना तो फरक जाणवला नाही. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

दिवा मोठा झाला. पुस्तक आपोआप उघडून मांडीवर आलं.

"अरे! दिवा वाढला. आता अक्षरं दिसतायत. वाचायचं का? वाचतो. 'यान खाली खाली जात होतं. बाहेर काळोख, आत उकाडा. कप्तान नकाशावर वाकला होता. पण सगळ्यांत घाबरला होता तो आचारी. इतका घाबरला होता की भाजीत मीठ घातलंय हे विसरून तो पुन्हा…'"

मिस्त्री थांबले.

"बोलत राहा काका," घड्याळबाई हळूच म्हणाली.

"'…पुन्हा मीठ घालायचा,'" मिस्त्रींनी वाक्य पुरं केलं. "हा आचारी पुस्तकात नव्हता."

घड्याळबाईने मान वर केली.

"कारखान्यात वाचनालय होतं. कुणीतरी जुनी पुस्तकं देऊन टाकलेली, असलीच. पाताळात जाणाऱ्यांची, चंद्रावर जाणाऱ्यांची. जेवणाच्या सुट्टीत जेवढी पानं व्हायची तेवढी वाचायचो. आणि रात्रपाळी असली की जायच्या आधी हिला… पोरीला तेवढंच सांगायचो. त्यात आचारी कुठे नव्हता. तो मी घातला. ती भ्यायची काळोखाला, म्हणून तिच्याहून भित्रा कुणीतरी हवा होता. मीठ दोनदा म्हटलं की हसायची."

आता मागची खुर्ची करकरत नव्हती. मिस्त्री वळले नाहीत, कारण वळले असते तर पुढे बोलता आलं नसतं, आणि बोलायचा तर नियम होता. त्यांनी पान उलटलं. पोर म्हणालं, "मग?" त्यांनी वाचलं. यान एका खडकाला अडलं, कप्तानाने सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं, आचारी टेबलाखाली गेला.

"मग?"

आणि भोंगा झाला.

लांबवर, घोगरा, सुरुवातीला अडखळून मग ताणत गेलेला. मिस्त्रींचा अंगठा बटणावर गेला तेव्हा मिस्त्रींना पत्तादेखील नव्हता. पडद्यावरचा माणूस उठला. दिवा बारीक झाला, पुस्तक मिटलं आणि पोराने भिंतीकडे तोंड केलं.

"उठलो," मिस्त्री म्हणाले. "का उठलो? भोंगा झाला म्हणून. हा आमचाच भोंगा आहे. असाच अडखळायचा. हा कुठे मिळाला यांना?"

लेकीला सांगता येत नव्हतं. तसा नियमच होता.

"कळलं मला. उठायचं नाही. असं आहे होय कोडं! सोपं आहे की." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. ते पुन्हा बसले. दिवा, पुस्तक, आचारी, मीठ, खडक, टेबल. प्रत्येक पानाला "मग?" होतं. भोंगा झाला आणि मिस्त्री उठले.

"हात्तिच्या! हातच गेला."

तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा बटणापासून दूर धरला. भोंगा सुरू झाला, अडखळला, ताणला, आणि अंगठा परत जागेवर. दिवा बारीक. पोर भिंतीकडे.

ते पोर रडत नव्हतं की हट्ट करत नव्हतं. नुसतं कूस बदलायचं, आणि मिस्त्रींना ते सोसवेना. खऱ्या पोरीने कूस बदललेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. भोंगा झाला की ते डबा उचलून दाराबाहेर असायचे. मागे काय होतं ते पाहायला थांबलं कोण?

"कळतंय सगळं," ते मोठ्याने म्हणाले. "पण हात ऐकत नाही. मागच्या पाळीचा माणूस ताटकळत असतो. तो बॉयलर सोडू शकत नाही, मी जाईपर्यंत. म्हणून उठायचो. गोष्टीचा कंटाळा नव्हता मला. पुढचं मलाही माहीत नसायचं, मलाही ऐकायचं असायचं. आता किती वेळ राहिला?"

"थोडा आहे काका," घड्याळबाई म्हणाली. "ही शेवटची खेप होईल."

मिस्त्री बसले. पडद्यावर दिवा मोठा झाला. आचाऱ्याने मीठ दोनदा घातलं. यान खडकाला अडलं. मिस्त्रींची टाच जमिनीवर भराभर आपटत होती, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. आचारी टेबलाखाली गेला. "मग?" भोंगा झाला. अडखळला. ताणला. मिस्त्रींचा अंगठा निघाला.

"बस ना रे, बाबा."

आवाज पडद्यातून आला नव्हता.

मिस्त्रींनी ते यंत्र मांडीवर टाकलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. भोंगा वाजत राहिला. तो इतका लांब असतो हे त्यांना माहीतच नव्हतं, पुरता त्यांनी तो ऐकला होता कधी? तो वाजला, विरला आणि थांबला. दिवा तसाच मोठा होता. पोराने त्यांच्याकडे तोंड केलं. पुस्तकाचं शेवटचं पान हळूहळू उलटायला लागलं आणि पलीकडे गोल दाराची चाकं फिरायला लागली.

तेवढ्यात पडदा काळा झाला. चाचणी बाद झाली की यंत्रं थांबवायची अशी तिथली शिस्त होती, आणि घड्याळबाईचं बोट सवयीने बटणावर गेलं होतं. सवयीच्या माणसाला नावं ठेवायला मिस्त्रींना तोंड नव्हतं.

घड्याळबाईने आधी गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग काचेपलीकडे फोनवर बोलत असलेल्या दाढीकडे.

"मला काही ऐकू आलं नाही," ती पुटपुटली. "दार उघडत होतं, मी चुकून बंद केलं. असं लिहिते मी. रेकॉर्डिंगमधलं तेवढं कापता येईल."

"मला आलं ना ऐकू," लेक म्हणाली. तिने ओढणीने तोंड पुसलं. "बाद लिही."

"अगं, वर्षभर…"

"ती खोली चुकलीच आहे. कुणी न सांगता माणूस बसून राहील असं धरून मी ती बांधली. कुणीच बसत नाही. सांगावं लागतं, आणि सांगायचं म्हटलं तर नियमात बसत नाही. लिही, बाद."

बाहेर येऊन तिने स्वतःच दाढीला सांगितलं. दाढीने हळहळ व्यक्त केली, खरोखरच केली, आणि झडपांची खोली कुणाकडे द्यायची ते ठरवायला तो लगेच आत गेला. मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आपल्यामुळेच तिची खोली गेली, हे त्यांना पुन्हा पुन्हा जाणवत होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर लेक म्हणाली, "चला, वायसर घ्यायचाय ना?"

घरी जाताना ते तिच्या दोन पावलं पुढे गेले, थांबले, पुन्हा पुढे गेले, पुन्हा थांबले. कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान मागे पडलं तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घरात सकाळचा पसारा तसाच होता. मिस्त्रींनी वर्तमानपत्रावरची केटली जोडायला घेतली. लेकीने बॅग टाकली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी तेव्हाच म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "लहान असताना. मला वाटायचं, मी गोष्टीत जास्त रस दाखवला तर तुम्ही थांबाल. म्हणून आपलं मग, मग करत राहायचे. बस असं म्हटलंच नाही कधी."

मिस्त्रींनी स्क्रू बशीत परत ठेवला. खोटं बोलून तिला बरं वाटलं असतं, पण ते त्यांना जमलं नाही.

"म्हटलं असतंस तरी जावं लागलंच असतं गं. तो माणूस तिकडे ताटकळत असायचा."

"माहितेय."

"पण ऐकून गेलो असतो," ते म्हणाले. "नुसता गेलो नसतो."

लेकीने मान हलवली. डोळे भरून आले तसे तिने ते पुसले, लपवायच्या भानगडीत पडली नाही. मिस्त्रींना उठून काहीतरी करावंसं वाटलं, पाणी द्यावं, खिडकी उघडावी, निदान ती केटली तरी. ते अर्धे उठलेही. मग समोरचं स्टूल त्यांनी पायाने ओढलं, तिच्याजवळ नेलं आणि त्यावर बसले.

"ते शेवटचं पान," ते म्हणाले. "मला वाचायला मिळालं नाही. आमच्या वाचनालयातलं पुस्तकही तिथवरच होतं, पुढची पानं कुणीतरी फाडून नेलेली. काय लिहिलं होतंस तू?"

"आता काय त्याचं? खोली गेली ना."

"खोली गेली. गोष्ट कुठे गेलीये? यान अडलं, आचारी टेबलाखाली गेला." मिस्त्रींनी हात मांड्यांखाली सारले. "मग?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. सिंकमध्ये नळ टपटपत होता आणि मिस्त्रींची टाच त्याच तालात हलत होती.

"मग खडक फुटला," ती म्हणाली. "यान सुटलं. सगळे ओरडले, नाचले. मग भूक लागली. आचारी टेबलाखालून बाहेर आला, चुलीपाशी गेला, आणि त्या दिवशी त्याने मीठ एकदाच घातलं."

मिस्त्री आधी नुसते ऐकत राहिले. मग हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. नळ गळतच होता. उद्या बघू, असं त्यांनी ठरवलं.